हातानं बसणारी बेरिंग

वंदनाताईच्या डाळ मिलची बेरिंग तिसऱ्यांदा गेली तेव्हा म्या चारचौघात सांगून टाकलं, मिल चालवणारा कलीम ग्रीस मारत नाही. मिलीच्या ओसरीत सात-आठ बाया तुरीची पोती घेऊन बसल्या होत्या, त्यायच्यासमोर. कलीमचं नाव कोणी घेतलंही नव्हतं. वंदनाताई एवढंच म्हणल्या होत्या, "पुंजाजीभाऊ, दोन महिन्यात तीन बेरिंगा? असं काऊन होऊन राह्यलं?" त्याचं उत्तर माह्या तोंडात तयारच होतं.

अमडापुरात बसस्टँडच्या मागं माहं लेथचं दुकान आहे. तीस वर्सं झाले. थ्रेशरचे शाफ्ट, पेरणी यंत्राचे दांडे, पुल्या, जे येईन ते करतो. मले राग लवकर येते हे गावाले माहीत आहे, त्याच्यात लपवण्यासारखं काही नाही. म्या जे लपवलं ते बोटायचं होतं.

मले शुगर आहे. गोळ्या घेतो, चहा बिनसाखरेचा पितो, घरच्यायले एवढंच माहीत. पण मागच्या पोळ्यापासून माह्या दोन्ही हाताच्या बोटाची टोकं बधिर झाली. सुई टोचली तर समजते, पण कागद एक आहे का दोन, ते समजत नाही. दुसऱ्या कोणाचं त्याच्यानं काही अडलं नसतं. माहा मात्र सगळा धंदाच बोटावर चालते.

बेरिंगची जागा खराद करताना, म्हणजे लेथवर तासताना, आम्ही कॅलिपर त्या मापाले लावतो अन् शाफ्टवरून हलकंच ओढून पाहतो. ते किती अडकते, त्याच्यावरून जागा बारीक झाली का जाड राह्यली ते बोटाले समजते. केसाच्या सातव्या हिश्शाचा फरक माहे उस्ताद वहाबभाई यायच्या बोटाले समजे. पुढं माह्याही बोटाले समजू लागला. उस्ताद म्हणत, बेरिंग शाफ्टवर चढताना रुसली पाहिजे. सरकन गेली तर तो शाफ्ट त्यायच्या दुकानातून बाहेर जात नसे. बेरिंग तेलात गरम करायची, ती थोडी फुलते, तेवढ्यात चढवायची. थंडी झाली की ती शाफ्टाले धरून बसते, मग दहा वर्सं पाहायचं काम नाही.

पोळ्यानंतर माह्या शाफ्टवर बेरिंग हातानं बसू लागली. मले समजतच नव्हतं जागा कधी बारीक होऊन गेली ते. पहिला शाफ्ट असा झाला तो सोयाबीनच्या थ्रेशरचा. मालक समोर उभा होता. बेरिंग हातानं बसली हे पाहून म्या शाफ्ट परत घ्यायले हात लांबवला, अन् तो गडी तर खूश झाला. म्हणे, हे बेस केलं भाऊ, आता वावरात बेरिंग बदलाची तर हातोडा नको, पुलर नको, तेल गरम करायचं झंझट नको. म्या तेच धरलं. दुकानात येईन त्याले सांगू लागलो, आपली बेरिंग हातानं बसते. लोकायले ते लय आवडलं. थ्रेशर वर्सातून महिनाभर चालते, तिथं ते खपूनही गेलं. डाळ मिल रोज आठ तास चालते, तिथं कसं खपीन?

आता कलीमचं सांगतो. कलीम हा वहाबउस्तादचा एकुलता पोरगा, पस्तीशीचा. दहा वर्सं सुरतेले लूमवर होता. उस्ताद वारले अन् नूरजहांभाभी घरात एकट्या राह्यल्या, म्हणून तो परत आला. खरादीचा नाद त्याले कधीच नव्हता, पण वंदनाताईच्या बचत गटानं मिल टाकली तेव्हापासून ती तोच चालवे, अन् मन लावून चालवे. ह्याच नूरजहांभाभीच्या हातच्या भाकरी म्या चार वर्सं खाल्ल्या, उस्तादजवळ काम शिकत होतो तेव्हा. त्या बाईच्या पोरावर म्या ग्रीसचं लावून दिलं. हे सांगताना मले आजही माही लाज वाटते.

वंदनाताईनं ओसरीतल्या बायायकडे पाह्यलं अन् कलीमले म्हटलं, "कलीमभाऊ, आता पुन्हा बेरिंग गेली तर मले दुसरा माणूस पाहा लागीन. सीझन चालू आहे. गटातल्या बायायले मी काय सांगू?"

हाताले लागलेलं ग्रीस कलीमनं पोत्याच्या तुकड्याले पुसलं अन् शाफ्ट सोडवायले बसला.

दुपारी तो दुकानात आला. तुटलेली बेरिंग पेपरात गुंडाळून आणली होती. ती त्यानं माह्यासमोर टेबलावर ठेवली.

"चाचा, बोट घालून पाहा. ग्रीसनं भरून आहे."

"जास्त भरलं असशीन," म्या म्हटलं. "जास्त ग्रीसनंही बेरिंग तापते."

"सकाळी म्हणे मारत नाही, आता म्हणे जास्त मारते. एक काहीतरी ठरवा."

"मले शिकवू नको बे. तुह्या बापानं मले शिकवलं तेव्हा तू चड्डीत होता."

तो हसला नाही. लेथकडे पाहत म्हणाला, "मिल गेली तर मले सुरतेले जा लागीन, चाचा. इथं दुसरं काम नाही. तिथं एका खोलीत आठ जण झोपतो आम्ही, अम्मीले नेता येत नाही. अन् तिले आता एकटीले ठेवता येत नाही. दोनदा पडली ती आंगणात." एवढं सांगून तो गेला. बेरिंग तिथंच ठेवून गेला.

माही सून प्रेरणा तेव्हा चहा घेऊन आली होती, तिनं हे सगळं ऐकलं. प्रेरणा साखरखेर्ड्याची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, लग्नाआधी दोन वर्सं जालन्याले एका कारखान्यात मापं तपासायच्या कामावर होती. माहा पोरगा गजेंद्र चिखली डेपोत कंडक्टर आहे, तो दिवसभर गाडीवर. ही दुपारचा चहा घेऊन येते अन् मग तासभर दुकानातून हलत नाही. दिसीन ते उचलून पाहते. मले ते आवडत नाही असं मी सगळ्यायले सांगतो, पण एखाद्या दिवशी ती आली नाही तर मी रस्त्याकडे पाहत बसतो.

तिनं कलीमची बेरिंग उचलली, चिंधीनं पुसली, कानाजवळ धरून फिरवली. मग आतल्या रिंगच्या भोकात बोट फिरवलं अन् बोट मले दाखवलं. टोकाले गेरूसारखी लाल भुकटी लागली होती.

"मामंजी, ही ग्रीसनं गेलेली नाही. रिंग शाफ्टवर सरकत होती. लोखंडावर लोखंड घासलं की अशी लाल भुकटी होते. आधी जागा झिजली, मग ती तापली, गोळ्या शेवटी गेल्या."

ती भुकटी म्या आधीही पाह्यली होती. पहिल्या दोन्ही वेळेस पाह्यली होती, अन् दोन्ही वेळेस चिंधीनं पुसून टाकली होती.

"तुले घरी काम नाही का?" म्या म्हटलं.

"झालं सगळं," ती म्हणाली. तिनं हातातली एक बांगडी काढली, टेबलावरच्या जाड गजात अडकवली, खडूनं गजावर एक अन् बांगडीवर एक अशी समोरासमोर खूण केली, अन् गज आडवा धरून हळूहळू फिरवला. एक फेरा झाला. गजाची खूण वर आली, बांगडीची मागंच राह्यली. दुसरा फेरा झाला, ती अजून मागं राह्यली.

"बांगडीचं भोक गजापेक्षा मोठं आहे ना. दर फेऱ्याला ती थोडी मागं पडते. मिलीचा शाफ्ट मिनिटाला कितीतरी शे फेरे घेतो, दिवसभरात बघा किती झाले. म्हणून शाफ्टसोबत फिरणारी रिंग घट्टच पाहिजे. बाहेरची रिंग एका जागी उभी असते, ती बेरिंगच्या लोखंडी घरात थोडी सैल राहिली तर बिघडत नाही. उलट एका बाजूची तरी सैल ठेवावीच लागते. शाफ्ट तापला की लांब होतो, त्याला सरकायला जागा नको? तुम्ही दोन्ही बाजूंनी आवळून टाकलंय."

"तीस वर्सं झाले मले."

"मी नाही कुठं म्हणते. बेरिंग चाळीस मिलिमीटरची आहे. शाफ्ट चाळीसच्या वर एक शंभरांश पाहिजे. तुमचा किती आहे? मायक्रोमीटर लावू का?"

मायक्रोमीटर कपाटात डब्यात आहे. नवा होता तेव्हा लोकायले दाखवायले घेतला होता. म्या म्हटलं, "ज्याच्या बोटात माप नाही त्याच्यासाठी आहे ते. अन् चाळीसच्या वर ठेवला तर बेरिंग हातानं बसणार कशी?"

"हातानं बसायचीच नाही, मामंजी."

उस्ताद हेच म्हणत. म्या कप उलटा ठेवला अन् तिले घरी जायले सांगतलं. ती गेली. दारात थांबून एवढंच म्हणाली, की त्या माणसाचं काम जाईल.

मले काय ते समजत नव्हतं? सगळं समजत होतं. पण एकदा सांगतलं की बोटं गेली, मग दुकानात कोण येईन? लेथवाल्याची बोटं गेली म्हणजे तो संपला. मी भेलो होतो, खरं तेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी म्या मिलीच्या शाफ्टची झिजलेली जागा वेल्डिंगनं भरली अन् परत खराद केली. कॅलिपर ओढून पाह्यलं. बोटाले काहीच समजलं नाही. अंदाजानं थांबलो. बेरिंग लावून पाह्यली तर सरकन आत गेली. पुन्हा भरायचं तर दिवस जाते, अन् मिल बंद होती.

मग म्या पंच, म्हणजे ठोकायची टोकदार सळी, घेतला. आमच्याकडं ही लय जुनी चोरवाट आहे. जागा सैल झाली की तिच्यावर पंचनं ठिपके मारायचे. दर ठिपक्याभवती लोखंड थोडं वर येते, त्याच्यावर बेरिंग अडकते. असं करणाऱ्याले उस्ताद दुकानाच्या पायरीवर उभं करत नसत. म्या शटर अर्धं ओढलं अन् साठ-सत्तर ठिपके मारले. आता बेरिंग पाइप लावून ठोका लागली. पाहणाऱ्याले वाटलं असतं, काय घट्ट काम केलं.

मिलीवर शाफ्ट बसवायले गेलो तेव्हा प्रेरणाही आली, घरची तूर डाळ करायची आहे म्हणून. कलीमनं शाफ्ट बेरिंगच्या घरात बसवला, बोल्ट आवळले. झाकण लावायच्या आधी प्रेरणा खाली बसली, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली अन् शाफ्टच्या तोंडापासून बेरिंगच्या आतल्या रिंगवर सरळ एक लाल रेघ ओढली.

"हे काय नवीन?" वंदनाताईनं विचारलं.

"खूण आहे," प्रेरणा म्हणाली. "शाफ्ट आणि रिंग सोबत फिरले तर रेघ एकच राहील. रिंग मागं पडली तर रेघ तुटेल. मग कोणाचं चुकलं ते कळेल, ग्रीसचं की जागेचं."

वंदनाताई हसल्या. म्हणल्या, "मशीनचा साजशृंगार चालू आहे म्हणा." कलीम मात्र त्या रेघेकडं वाकून पाहत होता. मग त्यानं झाकण लावलं. दोन-चार दिवसात काय होईन, त्या ठिपक्यायची टोकं चेपून कशी सपाट होतीन, हे तिथं फक्त मलेच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मिलीवर गेलो. मिल जेवणासाठी बंद होती. वंदनाताई अन् बाया ओसरीत डबे खात होत्या. कलीम दिसला नाही, म्हटलं नमाजले गेला असंन. म्या वंदनाताईले सांगतलं, जरा आवाज पाहून घेतो, अन् आत गेलो. झाकणाचे दोन बोल्ट काढले.

शाफ्टवरची अर्धी रेघ वर होती. रिंगवरची अर्धी रेघ पार खाली गेली होती. ठिपके दोन दिवसही टिकले नव्हते.

माह्या खिशात करवतीच्या पानाचा एक तुकडा नेहमी राहते. तो काढला अन् दोन्ही अर्ध्या रेघा खरडून टाकल्या. वरून ग्रीसचं बोट फिरवलं. झाकण लावलं. पाच मिनिटाचं काम होतं.

संध्याकाळी जेवायले बसलो तर प्रेरणानं विचारलं, "मामंजी, रेघ पाहिली का?"

"पाह्यली. जागेवर आहे."

तिनं माह्याकडं पाह्यलं. खोटं पकडायले नाही, खरं मानून पाह्यलं. "मग माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "उगाच तुम्हाला बोलले त्या दिवशी." अन् तिनं माह्या ताटात अजून एक भाकर वाढली. ती भाकर माह्यानं खाल्ली गेली नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता वंदनाताईचा फोन आला. फोनातूनच मले मिलीचा आवाज ऐकू आला, डुकराच्या केकाटण्यासारखा. मग कोणीतरी मोटार बंद केली. मी निघालो. प्रेरणा मागं गाडीवर बसली, तिले नको म्हणायचं मले सुचलं नाही.

बाजाराचा दिवस म्हणून मिलीवर गर्दी होती. ओसरी तुरीच्या पोत्यायनं भरली होती. बेरिंगच्या घरातून धूर निघत होता, जळक्या ग्रीसचा वास सगळीकडं पसरला होता. वंदनाताई मधोमध उभ्या होत्या, त्यायचा चेहरा लाल झाला होता.

"बस झालं, कलीमभाऊ," त्या म्हणल्या. "चावी द्या."

कलीमनं कमरेच्या दोरीची चावी सोडली. वंदनाताईच्या हातात दिली नाही, बाजूच्या पोत्यावर ठेवली. मग त्यानं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही. नुसतं पाह्यलं.

ओसरीच्या कोपऱ्यात नूरजहांभाभी बसल्या होत्या. त्यायनं पाच-सात किलो तूर आणली होती, पिशवी मांडीवर होती. त्या भिंतीले धरून उठल्या.

"पुंजाजी," त्या म्हणल्या. "तुले यातलं समजते. तू सांग. माह्या पोरानं खरंच कामात हयगय केली का?"

सगळ्या बाया माह्याकडं पाहू लागल्या. मले हो म्हणायचं होतं. खरं सांगतो, तोंडाशी आलं होतं. भाभी तशाच उभ्या होत्या, भिंतीले हात लावून. म्या मान खाली घातली अन् पाना मागितला.

बेरिंग थंडी होईपर्यंत अर्धा तास गेला. कोणी घरी गेलं नाही. मग म्या बेरिंगच्या घराचं वरचं अर्धं काढलं, कलीमनं शाफ्ट उचलून लाकडावर ठेवला. म्या बायायले जवळ बोलावलं. दोन बोटं बेरिंगले लावली अन् ओढली. ती काही न रुसता निघून हातात आली.

"मी सगळ्या गावाले सांगतो, आपली बेरिंग हातानं बसते," म्या म्हटलं. "पाहा. हातानं निघतेही."

मग रिंग तळहातावर आपटली. लाल भुकटी पडली. ती वंदनाताईले दाखवली.

"ही चारही वेळेस होती. आधी म्या ती पुसून टाकली. ग्रीस बरोबर होतं, कलीमचं काही चुकलं नाही. शाफ्ट माहा सैल होता. मले बोटाले माप समजत नाही आता, पोळ्यापासून समजत नाही. अन् ती लाल रेघ तिसऱ्याच दिवशी तुटली होती. तीही म्याच खरडली."

वाटलं होतं सांगून हलकं वाटीन, तसं काही झालं नाही. प्रेरणाकडं पाहायची माही हिंमत झाली नाही. ती जवळ आली, माहा हात धरला अन् बोटाची टोकं एकेक दाबून पाह्यली. "डॉक्टरला दाखवलं?" तिनं विचारलं. म्या नाही म्हटलं. "सोमवारी जाऊ," ती म्हणाली.

नूरजहांभाभी खाली बसल्या. एकदा नुसतं, "अरे पुंजाजी," एवढंच म्हणल्या. त्यायनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वंदनाताईनं पोत्यावरची चावी उचलली अन् कलीमपुढं धरली. "भाऊ, माह्यानं चूक झाली. इतक्या लोकात बोलले मी तुमाले."

कलीमनं चावी लगेच घेतली नाही. "शाफ्ट कोण करीन?" त्यानं विचारलं.

वंदनाताईनं माह्याकडं पाह्यलं. आता नाही म्हणत्या तर त्यायचं काही चुकलं नसतं. म्या म्हटलं, "खराद मी करीन. माप प्रेरणा घेईन, मायक्रोमीटरनं. तिनं हो म्हटल्याशिवाय शाफ्ट दुकानाच्या बाहेर येणार नाही."

"मग ठीक आहे," कलीम म्हणाला, अन् चावी दोरीले बांधली.

नवा शाफ्ट करायले दोन दिवस लागले. जुना पुन्हा भरायचा नाही असं प्रेरणानं ठरवलं. तिनं कागदावर चित्र काढलं: कुठं चाळीस, कुठं पंचेचाळीस, बेरिंग जिथं टेकते तो खांदा किती उंच, त्याच्या कोपऱ्याची गोलाई किती. गोलाई बेरिंगच्या कोपऱ्यापेक्षा बारीक ठेवायची, नाहीतर बेरिंग खांद्याले टेकतच नाही, हे म्या तिले सांगतलं तर ती म्हणाली, माहीत आहे, पण तुम्ही सांगितलं ते बरं झालं. पुलीकडची बेरिंग घरात दोन्ही बाजूनं अडवायची अन् दुसरीकडची सरकायले मोकळी ठेवायची, असं तिनं घराचंही काढून ठेवलं. मी एक कट मारायचो, बाजूले व्हायचो, ती मायक्रोमीटर लावायची अन् आकडा सांगायची. पहिल्या दिवशी मले ते बोचलं. दुसऱ्या दिवशी मी आकड्याची वाट पाहू लागलो. शेवटी ती म्हणाली, "चाळीस, वर एक शंभरांश. थांबा आता." म्या लेथ बंद केला.

शाफ्ट न्यायले कलीम आला. स्टोवर तेलाचं भगुणं ठेवलं होतं, त्यात बेरिंग तारेनं टांगली होती. प्रेरणा तेलाचं तापमान पाहत होती. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो.

"चाचा," कलीम म्हणाला, "तुम्ही रेघ खरडली ना त्या दिवशी, तेव्हा मी आतच होतो. तुरीच्या थप्पीमागं डबा खाऊन राह्यलो होतो."

त्यानं फोन काढला अन् माह्यासमोर धरला. फोटोत माही पाठ होती. मी मशीनवर वाकलेलो, हातात करवतीचं पान, अन् पानाजवळ ती तुटलेली रेघ चक्क दिसत होती.

म्या फोन हातात घेऊन डोळ्याजवळ नेला. मग म्या म्हटलं, "चावी मागितली तेव्हा दाखवला काऊन नाही बे? एका मिनिटात सुटला असता."

"अम्मी बसली होती ना तिथं." तो भगुण्याकडं पाहत होता. "अब्बू गेल्यावर कोणी विचारलं तर ती सांगते, त्यायच्या हाताची कारागिरी पुंजाजीजवळ आहे. म्हटलं सुरतेले गेलेलं परवडीन. हा फोटो तिच्यासमोर काढायचा नाही."

"अन् म्या सांगतलं नसतं तर?"

"तर गेलो असतो," तो म्हणाला. "तिकीट पाहून ठेवलं होतं."

प्रेरणानं तेल झालं म्हणून आवाज दिला. म्या जाड हातमोजे घातले, बेरिंग उचलली अन् एका दमात शाफ्टवर चढवून खांद्याले टेकवली. थंडी होईपर्यंत तशीच दाबून धरली. मग ओढून पाह्यली. एका हातानं ओढली, दोन्ही हातानं ओढली, पाय लावून ओढली. ती जागची हलली नाही.

कलीमनं प्रेरणाजवळून नेलपॉलिश मागून घेतलं अन् शाफ्टवरून रिंगवर स्वतः एक रेघ ओढली. वाळू दिली. मग फोन काढून त्या रेघेचा फोटो घेतला. जुना पुसून टाक, असं म्या त्याले म्हटलं नाही.